परीक्षेत दरवर्षी मरणारी बाई

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माणसांना जेवढे म्हणून आजार होतात, तेवढे सगळे माझ्या चुलत सासऱ्यांना एकट्याला होऊन गेले होते, आणि त्यांतला एकही खरा नव्हता. मलेरिया तर त्यांना दर पावसाळ्यानंतर व्हायचाच. विंचू एकदा उजव्या पायाला चावला आणि परीक्षक बदलले म्हणून अर्ध्या तासाने डाव्या पायाला. मुतखडा झाला, अर्धांगवायू झाला, चुलीवरच्या पाण्याने हात भाजला, दारू न पिता दारू सुटली. बाळंतपण तेवढं राहिलं, तेही आमच्या नर्सिंगच्या मुख्य बाईंनी साफ नकार दिला म्हणून. एरवी माणूस सागाच्या खांबासारखा सरळ आणि कोरडा, ओठांवर भरघोस पांढऱ्या मिशा, आणि उभ्या जन्मात डोकं म्हणून दुखलेलं नाही. नात्याने ते माझ्या बायकोचे काका, पण पाचसहा वर्षांत आमच्या संस्थेतल्या शिपायापासून सगळे त्यांना पेशंटकाका म्हणू लागले होते, आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडायचं.

याला कारण मीच. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी शहापूरच्या एका संस्थेत समाजकार्य शिकवत होतो. इमारत एकच, पण खालच्या मजल्यावर नर्सिंगचा अभ्यासक्रम आणि वरच्या मजल्यावर आमचा. खालच्यांना वाटायचं, वरचे नुसते बोलतात. वरच्यांना वाटायचं, खालचे नुसते टोचतात. चहासुद्धा दोन्ही मजल्यांचा वेगळा येई. अशात एकदा मुंबईहून एक तज्ज्ञ आले. पेशंटचं शरीर एकीकडे आणि संसार दुसरीकडे असं नसतं, म्हणून दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवा, आणि खऱ्या रुग्णाला त्रास नको म्हणून खोट्या रुग्णावर शिकवा, असं त्यांनी सांगितलं. फळ्यावर दोन वर्तुळं काढून ती एकमेकांवर चढवली, मधल्या भागात खडूने रेघोट्या मारल्या आणि म्हणाले, "रुग्ण इथे आहे." मग जेवून ते परत गेले. वर्तुळं पुढे आठवडाभर फळ्यावर होती, पण रुग्ण काही तिथे सापडेना.

आधी आम्ही विद्यार्थ्यांनाच रुग्ण केलं. एका मुलीला सांगितलं, तू मुरबाडकडची अडाणी शेतकरीण, तुझ्या पोटात कळ येते. ती कण्हत कण्हत म्हणाली, "सिस्टर, मला उदराच्या उजव्या वरच्या भागात वेदना आहेत." समाजकार्याच्या एका मुलाला दारुड्या केलं, तर तो व्यसनाची सामाजिक कारणं क्रमवार सांगू लागला. घरी येऊन मी हे रडगाणं गायलो, तेव्हा बायको म्हणाली, "आमच्या काकांना विचारा की. पेन्शनीत बसलेत, दिवसभर मोकळे असतात. आणि गावात कुणी गेलं की सगळ्यांत चांगलं तेच रडतात."

काकांचं गाव तानसाच्या बाजूला. तिथल्या तलावाचं पाणी मुंबईला नेणारे जे अजस्र नळ आहेत, ज्यांना तिकडे पायपी म्हणतात, त्यांच्या कडेने चालत गळती शोधण्यात काकांची सगळी नोकरी गेली होती. मी त्यांच्या ओटीवर बसून सगळी कल्पना समजावून सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. "जावईबापू, आजार कंचा? आन तो मला कवापासून हाये?" हा दुसरा प्रश्न आमच्या एम.ए.च्या मुलांनीसुद्धा कधी विचारला नव्हता, त्यामुळे मी तिथल्या तिथे त्यांना घेऊन टाकलं.

काकांची तऱ्हा अशी की, आजार संस्थेत आल्यावर सुरू होत नसे. तो गावातून निघतानाच अंगात घेऊन ते एस.टी.त चढत. मलेरिया असेल तर घोंगडी पांघरून कुडकुडतच बसत, आणि आख्खी एस.टी. सरकून त्यांना जागा करून देई. एकदा मुतखडा ठरला होता. शहापूरला उतरल्यावर स्टँडवर त्यांनी अशी काही बोंब ठोकली, की एका भल्या रिक्षावाल्याने त्यांना संस्थेत न आणता थेट एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. इकडे आम्ही वाट बघतोय, मुलं पाठ केलेलं विसरत चाललीत. दुपारी बारा वाजता पत्ता लागला तेव्हा काका खाटेवर आडवे होते, हाताला सलाईन आणि चेहऱ्यावर समाधान. मी घाबरून म्हणालो, "अहो काका, सांगायचं ना त्यांना!" तर माझ्यावरच डोळे वटारून हळू आवाजात म्हणाले, "मधीच कसा सांगू? आजार म्हंजे आजार. आन ही पोरगी बगा, सुई टोचायच्या अदूगर मला इचारून टोचली. हिला पुरे मार्क द्या." ती त्या दवाखान्यातली नर्स होती आणि तिचा आमच्या परीक्षेशी काहीही संबंध नव्हता, हे त्यांना पटवायला मला परतीचा सगळा रस्ता लागला.

या कीर्तीचा गावात फारच परिणाम झाला. काकांना शहापूरहून खास बोलावणं येतं, पांढऱ्या कपड्यातल्या पोरी त्यांची नाडी बघतात, आणि वर्षभर कामाला गेले नाहीत तरी नवनवे आजार त्यांच्याकडे चालून येतात, हे लोकांना बघवेना. एक माजी सरपंच मला आडबाजूला घेऊन म्हणाले, "आमाला पन द्या की यखादा. हगवण नको, हार्टचा आसंल तं बगा." काकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते तुच्छतेने हसले. "त्याला हार्ट? त्याला सादी सर्दी संभाळत नाय," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

परीक्षा संपली की काका विद्यार्थ्यांना रांगेत उभं करून निकाल देत, आणि आमच्या छापील निकालापेक्षा मुलं त्यालाच जास्त भीत. "तू गो, तू माझी नाडी बघत व्हतीस का घड्याळ नवीन हाये ते दाखवत व्हतीस?" समाजकार्याच्या मुलांवर तर त्यांचा विशेष राग. खांद्याला झोळी लावलेल्या एका मुलाबद्दल ते म्हणाले, "यानं मला, 'तुमाला काय वाटतं, तुमाला काय वाटतं,' आसं अकरा डाव इचारला. मला वाटत व्हतं, हा आता उठंल." मुलगा खाली मान घालून उभा होता, आणि त्याला ते शिकवणारा मी खिडकीबाहेर बघत होतो.

पण त्यांची खरी खोड पुढेच होती. कुठलाही आजार दिला, तरी त्याची निम्मी गोष्ट ते नर्सिंगच्या मुलीला सांगत आणि निम्मी समाजकार्याच्या. दोघांनी बसून आपापल्या वह्या एकमेकांना वाचून दाखवल्या, तरच रुग्ण पुरा व्हायचा. हे कुठून आलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमी पायपीवर दोघं निघायचो. येक हिकडून, येक तिकडून. मदी गाठ पडली का बसून बिडी ओढायची न बोलायचं. मला हिकडं पान्याचा जोर कमी दिसला, त्याला तिकडं मुरूम ओला दिसला, का गळती गावली. नुसतं चालून कोनाला गावलीय?" मुंबईच्या तज्ज्ञांनी दोन वर्तुळांत जे सांगितलं ते काका बिडीत सांगत होते. अडचण एवढीच होती की आमच्याकडे हे बोलायची सोय नव्हती. एकत्र प्रशिक्षणाची परीक्षा वेगवेगळीच घेतली पाहिजे, नाहीतर मुलं एकमेकांचं बघून लिहितील, असा मुख्य बाईंचा नियम होता. एका दाराने नर्सिंगची मुलगी बाहेर पडली की दुसऱ्या दाराने समाजकार्याची आत यायची, आणि दोघींची गाठ पडू नये म्हणून मध्ये शिपाई उभा असायचा.

त्यामुळे व्हायचं असं. काकांच्या पायाला न भरणारी जखम आहे. नर्सिंगच्या मुलीने ती उत्तम बांधली आणि लिहिलं, 'पाय कोरडा ठेवण्याचा सल्ला दिला.' समाजकार्याच्या मुलाने चौकशी करून लिहिलं, 'रुग्णास सध्या भातलावणीचे काम नियमित मिळत आहे, परिस्थिती समाधानकारक.' म्हणजे पट्टी बांधलेला तो पाय उद्यापासून दिवसभर चिखलात उभा राहणार होता. दोघांनाही पुरे गुण मिळाले. मुख्य बाईंच्या चेकलिस्टमध्ये हात धुण्यापासून 'नमस्कार' म्हणण्यापर्यंत सगळ्याला रकाना होता, आणि प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडली होती. वर काका "पाय गेला, पाय गेला" म्हणत लंगडत चहाला गेले, तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने हसलो.

वर्षाच्या शेवटच्या परीक्षेत मात्र आजार आम्ही द्यायचा नाही, तो काकाच आणत. दरवर्षी तोच. त्या दिवशी ते पिशवीतून एक हिरवं लुगडं काढत, त्याचा पदर डोक्यावरून घेत आणि खाटेवर अंग चोरून बसत. पदराखालून त्या भरघोस मिशा बाहेर आलेल्या. बघणाऱ्याला हसू आवरणं कठीण. आजार छातीचा, खोकल्याचा, गोळ्या चालू असूनही उतार न पडणारा. मुलं आत येऊन ओठ चावत विचारपूस करत. नर्सिंगची मुलगी सांगे, "आजी, गोळ्या नियमित घ्या." समाजकार्याची सांगे, "आजी, कुटुंबाचा आधार घ्या." दोघी पास होत. आणि शेवटची मुलगी बाहेर पडली की काका पदर खाली घेऊन, कुणाकडेच न बघता म्हणत, "बाई गेली." पहिल्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक दचकून रजिस्टरमध्ये बघू लागले होते. पुढे आम्हाला सवय झाली. दरवर्षी विद्यार्थी झाडून सगळे पास आणि बाई हटकून मयत, असा आमचा निकाल लागायचा. बाईचं काय चुकतं ते तरी सांगा, असं मी खूपदा म्हणालो. काका मान हलवत. "सांगितल्यावर परीक्षा कसली? कोनी तरी शोधू दे. ही बाई ज्या दिवशी जगंल, त्या दिवशी मी सुटलो."

मी हे घरी रंगवून सांगत असे. मिशा, पदर, परीक्षकांचा चेहरा. तिसऱ्या की चौथ्या वर्षी बायको हसली नाही. म्हणाली, "लुगडं हिरवंच होतं का? ते काकीचं आहे." मग तिने सांगितलं ते एवढंच. ती शाळेत असताना काकी छातीच्या दुखण्याने गेली. औषध चालू होतं, पण गुण येईना. बाई गोळ्या नीट घेत नाही, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं होतं, आणि त्यावरून काकी सगळ्यांची बोलणी खात होती. ती गेल्यावर काकांना फळीवर गोळ्यांच्या पुड्या सापडल्या. संध्याकाळची पुडी रिकामी आणि सकाळची भरलेली. ती पुडी खिशात घेऊन काका वर्षभर हिंडत होते. का, कसं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायचा धीर कुणाला झाला नाही. हे ऐकल्यानंतर मी तो प्रसंग रंगवायचा सोडला. पण खरं सांगायचं तर सकाळची पुडी का भरलेली होती, हे समाजकार्यात एवढी वर्षं घालवलेल्या माझ्याही डोक्यात आलं नाही.  त्यानंतर दर परीक्षेला, कुणी तरी या बाईला वाचवा रे, असं मनात म्हणत मी भिंतीला टेकून उभा राहायचो, आणि मुलं एकामागून एक पास होऊन जायची.

पुढे दोन हजार सालही मागे पडलं. एका वर्षी बाहेरचे परीक्षक सकाळपासूनच अस्वस्थ. त्यांना संध्याकाळी नाशिकला कसलंसं लग्न होतं, आणि कसाऱ्याच्या घाटात गाड्या अडल्यात अशी बातमी आली होती. शेवटची जोडी उरली तेव्हा ते घड्याळ दाखवत मुख्य बाईंना म्हणाले, "दोघींना एकदमच सोडा ना आत." मुख्य बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. एक मुलगी मुरबाडच्या पलीकडची, घाटाच्या पायथ्याच्या गावातली, नर्सिंगची. आवाज ऐकायला कान द्यावा लागे इतकी अबोल. दुसरी वाशिंदहून रोज ये-जा करणारी, समाजकार्याची, आणि तिचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू यायचा. दोघी एकाच बाकड्यावर अंग चोरून बसल्या.

अबोल मुलीने नाडी बघितली, खोकल्याचं विचारलं. "गोळ्या घेता का, आजी?"

"घेते ना गो. सांगितल्यावानी घेते."

"कशा सांगितल्यात?"

"सकाळ-संध्याकाळ. जेवल्यावर."

तिने ते लिहून घेतलं. मग वाशिंदच्या मुलीची पाळी. घरी कोण असतं, असं तिने विचारलं.

"मी न मालक. मालक पायपीवर कामाला. उजाडायच्या आत भाकर बांधून घेऊन जातान, दिस मावळल्यावर येतान."

"मग दिवसभर तुम्ही एकट्याच? जेवता कधी?"

"मालक आल्यावर. त्यांचं झालं का मी."

'पतीशी संबंध चांगले,' असं तिने लिहिलं. आजवर सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. पण शेजारी बसलेल्या त्या अबोल मुलीचं पेन थांबलं. तिने मान वर केली. "आजी, म्हणजे तुम्ही दिवसातून एकदाच जेवता?"

"येकदाच."

"मग सकाळची गोळी?"

"जेवल्यावर घ्यायला सांगितलीय," काका पदराआडून म्हणाले. "सकाळी जेवतच नाय, तं घेऊ कशी?"

 इतकी वर्षं हे उत्तर दोन वह्यांत निम्मं निम्मं पडून होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती भरलेली पुडी आली.

"उद्यापासून सकाळी अर्धी भाकर खायची आणि गोळी घ्यायची," मुलगी म्हणाली. "मालक घरात असोत नसोत."

"मालकाला काय वाटंल?"

"त्यांना आम्ही सांगतो ना," वाशिंदची मुलगी म्हणाली. "कुठे भेटतील?"

 काकांनी डोक्यावरचा पदर हळूच खाली घेतला. "हितंच हायेत," ते म्हणाले. "सांगा."

मुलींना वाटलं, हा परीक्षेचाच पुढचा भाग. वाशिंदची मुलगी बाकड्यावर पुढे सरकून त्यांच्याशी बोलू लागली. "काका, ती तुमच्यासाठी उपाशी राहते. तुम्हाला माहीत नसेल."

"नाय. मला नव्हतं ठावं."

"सकाळी निघताना तिला समोर बसवा. चार घास खाऊ दे, गोळी घेऊ दे, मग तुम्ही कामावर जा. जरा उशीर झाला तरी चालेल. कराल ना?"

"करीन," काका म्हणाले.  मग पुन्हा म्हणाले, "करीन गो, बाय."

मुली बाहेर गेल्या. आम्ही सगळे नेहमीच्या त्या दोन शब्दांची वाट बघत होतो. काका लुगड्याची घडी घालत होते. घडी नीट बसेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही, आणि मग मुख्य बाईंना म्हणाले, "जगली." मुख्य बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पुसला. तरी शिस्तीप्रमाणे त्यांनी त्या मुलींचे दोन दोन गुण कापलेच, कारण एकीने दुसरीच्या वेळात प्रश्न विचारला होता. पेशंट वाचवल्याबद्दल आमच्या चेकलिस्टमध्ये रकाना नव्हता.

मी काकांना स्टँडवर सोडायला गेलो. एस.टी.त चढताना ते म्हणाले, "जावईबापू, पुढल्या साली दुसरा मानूस बगा. मी आता बरा हाये." मी खूप गळ घातली, मलेरियाची शपथ घातली, पण ते परत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी संस्थेने मुंबईहून प्लास्टिकचा रुग्ण मागवला. तो चांगला होता, ओरडत नसे, निम्मं सांगून निम्मं लपवत नसे, आणि मुलांनी काहीही केलं तरी मरत नसे. काका त्यानंतर चारपाच वर्षं होते. खऱ्या आजाराचा त्यांना अजिबात सराव नव्हता. पहिलाच आला आणि त्यातच ते गेले. मला त्यांची फार आठवण येते. पावसाळा संपून मलेरियाचे दिवस आले, की जास्तच येते.

त्या परीक्षेच्या दिवसाचं मात्र एक सांगायचं राहिलं. काकांना सोडून मी घरी आलो. बायकोने नेहमीप्रमाणे पाणी दिलं आणि मी हातपाय धुऊन येईपर्यंत पाट मांडून ताट वाढलं. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, आणि मध्येच तिने पदर डोळ्यांना लावला. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, "तू कधी जेवतेस गं?"

"कधी म्हणजे?" ती म्हणाली. "तुमचं झालं की."

आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि कुटुंबाची पाहणी कशी करावी हा विषय मी त्याहून जास्त वर्षं शिकवत होतो. मी उठलो, मांडणीवरून दुसरं ताट काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तिने घाईघाईने डोळे पुसले, आमटी पुरेल का म्हणून पातेल्यात डोकावून पाहिलं आणि दाराकडे बघत मला विचारलं, "अहो, कोण यायचंय का?"